खुर्दा म्हणजे नेमकं काय, आणि हा शब्द वापरायचा कसा

खुर्दा म्हणजे सुट्टे पैसे. मोड, चिल्लर, काय म्हणाल ते. नुसता अर्थ हवा असेल तर तो एवढाच, पण शब्द वापरायला घेतला की गाडी अडते, कारण चिल्लर काढून तिथं खुर्दा बसवला की वाक्य कधी छान बसतं आणि कधी अगदीच ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं, आणि असं का होतं हे शब्दकोशात बघून कळत नाही. हल्ली ऐतिहासिक कथा लिहिणारी, जुन्या घरातल्या वह्या चाळणारी, मोडी शिकणारी बरीच मंडळी हा शब्द विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही की खुर्द्याच्या समोर बंदा उभा असतो. बंदा म्हणजे न मोडलेला, अख्खा. बंदा रुपया, बंदी नोट, बंदे पैसे. मंडईत मेथीची जुडी घेऊन पाचशेची नोट पुढं केली की भाजीवाल्या मावशी म्हणतात ना, "बंदी नोट नका देऊ ताई, मोड नाही माझ्याकडं", तोच हा बंदा. विश्वासू, खरा माणूस असला की आपण म्हणतो "तो म्हणजे बंदा रुपया आहे", तोही हाच. तर हा बंदा मोडला की जे हातात येतं तो खुर्दा. म्हणजे खुर्दा नुसती नाणी नाही, कशाचा तरी खुर्दा असतो. शंभराच्या नोटेचा खुर्दा, रुपयाचा खुर्दा. हा "कशाचा" वाक्यात तरी हवा किंवा ऐकणाऱ्याच्या डोक्यात तरी हवा. तेवढं सांभाळलं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

उदाहरण देते. "गल्ल्यात खूप खुर्दा साठलाय" हे ठीक आहे, दिवसभर लोकांनी दिलेले सुटे तुकडे पैसे आहेत. "या नोटेचा खुर्दा करून आण" एकदम पक्कं. पण "रस्त्यावर मला एक खुर्दा सापडला" हे साफ चूक. एक खुर्दा नसतोच. सापडतं ते नाणं. खुर्दा हा समूहाचा शब्द आहे, भाजीपाला किंवा किराणा म्हणतो तसा, त्यामुळे "दोन खुर्दे", "चार खुर्दे" असलं काही होत नाही. मोजायचाच असेल तर रकमेनं मोजा, "वीस रुपयांचा खुर्दा", किंवा मग मूठभर, पिशवीभर म्हणा.

व्याकरण थोडक्यात. खुर्दा पुल्लिंगी. तो खुर्दा, खुर्दा झाला, खुर्दा दिला. प्रत्यय लागला की खुर्द्या होतो, म्हणजे खुर्द्याची पिशवी, खुर्द्यात दिले, खुर्द्याला वैतागला. बाकीची भावंडं मात्र वेगवेगळी वागतात आणि इथं फार लोक घसरतात. चिल्लर स्त्रीलिंगी एकवचनी, "चिल्लर दिली". मोड पण स्त्रीलिंगी, "मोड आहे का?", "मोड मिळाली नाही". मटकीला येतात ते मोड पुल्लिंगी, "मोड आले", त्यामुळे "मोड आली का" आणि "मोड आले का" यात एक बाई बँकेतून आलेल्या नवऱ्याला विचारतेय आणि दुसरी मटकी झाकून ठेवणाऱ्या सासूबाईंना. सुट्टे कायम अनेकवचनी, "सुट्टे आहेत का, सुट्टे द्या". एसटीत कंडक्टर "सुट्टे काढा, सुट्टे" असं ओरडत येतो तेव्हा तिथं खुर्दा घालून बघा, "खुर्दा काढा, खुर्दा", कानाला लगेच खटकतं, कारण तिथं मोडण्याचा विषयच नाही, तिकिटाएवढे नेमके पैसे हवेत एवढंच आहे. पण तुम्ही पाचशेची नोट दिलीत आणि त्यानं तिकिटाच्या मागं पेनानं उरलेली रक्कम लिहून दिली, मग उतरताना तो कातड्याच्या पिशवीतून दहा-पाचची नाणी मोजून तुमच्या ओंजळीत ओततो, तो झाला तुमच्या नोटेचा खुर्दा.

आता दमडी, कवडी, छदाम, खडकू. हे शब्द खुर्द्याच्या पंगतीत नेऊन बसवतात आणि सगळे एकच समजतात, ते तसं नाहीये. हे नकाराचे शब्द आहेत. "खिशात दमडी नाही", "कवडीची किंमत नाही", "छदामही देणार नाही", "जवळ खडकू नाही". होकारार्थी वाक्यात ते फारसे येतच नाहीत, "माझ्याकडं तीन छदाम आहेत" असं आज कोणी म्हणत नाही. आणि अर्थाचा फरक तर फार मोठा आहे, तो नीट बघा.

"खिशात दमडी नाही" म्हणजे माणूस कफल्लक आहे.

"खिशात खुर्दा नाही" म्हणजे पैसे आहेत, पण नोटा आहेत, मोडलेले नाहीत. उलट "खिशात खुर्दाच उरला" म्हटलं की मोठी रक्कम संपली, आता फक्त किरकोळ राहिलंय.

म्हणजे गरिबी दाखवायला खुर्दा वापरला तर वाक्य उलटंच बोलतं. कथेत एखाद्या पात्राची परिस्थिती हलाखीची दाखवायची असेल आणि तुम्ही लिहिलंत "त्याच्याकडे खुर्दा नव्हता", तर जुना वाचक समजेल की गडी पैसेवाला आहे, फक्त सराफाकडं जायचं राहिलंय.

दमडीचं आणखी एक. ती दामाची, म्हणजे तांब्याच्या एका जुन्या नाण्याची, धाकटी. अकबराच्या काळात ४० दामांचा एक रुपया धरत आणि आईन-ए-अकबरीत दमडी म्हणजे दामाचा आठवा भाग, अधेला म्हणजे अर्धा दाम असं दिलेलं आहे. पण आपल्याकडं अधेली म्हटलं की अर्धा रुपया, आठ आणे, आणि हिंदीतला धेला म्हणजे अर्धा पैसा. एकाच मुळाचे शब्द, किमती कुठल्या कुठं. म्हणून उत्तरेकडचा तक्ता उचलून तो जसाच्या तसा मराठी कागदाला लावू नका, हिशोब फसतो. इंटरनेटवर फिरणारे "फुटकी कवडी ते रुपया" असे जे तक्ते असतात त्यांची स्वतःची बेरीज-भागाकारसुद्धा बरेचदा जमत नाही, करून बघा.

खुर्दा शब्द आला फारसीतून, खुर्द म्हणजे लहान. हे आपल्याला रोज दिसतं पण लक्षात येत नाही. कोंढवा बुद्रुक, कोंढवा खुर्द. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, मोठं गाव, आणि खुर्द म्हणजे धाकटं. त्याच खुर्दचं लहान तुकडे पैसे या अर्थाचं रूप म्हणजे खुर्दा. चिल्लर मात्र दक्षिणेकडची, तेलुगूत चिल्लर आणि तमिळमध्ये चिल्लरै आजही सुट्ट्या पैशांनाच म्हणतात. मला हे फार आवडतं, एका गल्ल्यात फारसी आणि द्राविडी शेजारी शेजारी पडलेत आणि मधे आपली अस्सल मराठी मोड. गावाचं खुर्द आणि पैशाचा खुर्दा यांचं रूप वेगळं चालतं हे मात्र ध्यानात ठेवा, कोंढवा खुर्दला जायचं, खुर्द्याला कंटाळायचं.

जुन्या कागदात हा शब्द भेटला तर

इथं जरा थांबते, कारण वंशावळी आणि घरच्या वह्या वाचणाऱ्यांना हेच लागतं.

आपण आज नोट मोडतो तेव्हा शंभराचे शंभरच येतात. पूर्वी तसं नव्हतं. रुपया चांदीचा, खुर्दा तांब्याचा, आणि दोन्ही धातूंचा भाव वेगवेगळा हलायचा, त्यामुळे एका रुपयाला किती तांब्याचे पैसे मिळणार हे गाव, महिना आणि सराफ यावर ठरायचं. रुपयेसुद्धा एक नव्हते. अंकुशी, चांदवडी, सुरती, निजामाकडचा हाली सिक्का, प्रत्येकाची चांदी आणि वजन वेगळं, म्हणून एक रुपया दुसऱ्यात बदलताना किंवा त्याचा खुर्दा करताना सराफ वर काही कापून घ्यायचा. त्याला बट्टा किंवा वटाव म्हणत. "नावाला बट्टा लागला" हे आपण म्हणतो ते इथून, नाण्याची किंमत पडली तशी नावाची पडली. आणि नाणी पारखायचं काम करणारा तो पोतदार, आडनाव होऊन बसलेला.

म्हणून जुन्या कागदात रुपये आणि खुर्दा वेगळे मांडलेले दिसले तर गडबडून दोन्हींची बेरीज करू नका. लिहिणाऱ्याने चांदी किती आणि तांबं किती हे मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. आधी कागदाचं साल बघायचं, मग प्रदेश, मग रुपयाचं नाव दिलंय का ते, आणि त्याच कागदात कुठं दर सापडतो का ते शोधायचं. दर सापडला नाही तर खुर्द्याची रक्कम तशीच ठेवा, नंतरच्या ६४ पैशांच्या रुपयाचा हिशोब लावून, ६४ ने भागून रुपये काढू नका.

त्या काळच्या खुर्द्यात मुख्य नाणं शिवराई. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, आणि ही नाणी महाराजांनंतरही पेशवाईत पाडत राहिले, त्यांत अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी शिवराई. जुनी शिवराई हातात घेऊन बघितली तर कळतं, बरेचदा अक्षरं अर्धीच उमटलेली असतात, साचा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे कुणावर "राजा" येतं कुणावर नुसतं "जा". कडा वेड्यावाकड्या, जाडी कमीजास्त. मूठभर अशा नाण्यांना खुर्दा का म्हणत हे तेव्हा वेगळं समजवावं लागत नाही. शिवराईहून जाड, दोन पैशाचा तो ढबू किंवा ढब्बू पैसा. (कथेत लिहिणार असाल तर शिवराई खुशाल वापरा, पण शिवकाळातल्या पात्राच्या हातात आणे-पै देऊ नका, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नाण्यांचं गणित, तेव्हाच्या बाजाराला ते लावलं की खटकतं.)

१८३५ च्या कायद्यानं कंपनीचा एकसारखा रुपया आला आणि मग पुढं हळूहळू सगळं एका मापात बसलं. १ रुपया = १६ आणे = ६४ पैसे = १९२ पै. या काळातल्या वह्यांना मात्र हे माप बिनधास्त लावा. सोळाचा हिशोब तसा आपल्याला नवा नाही, भास्कराचार्यांच्या लीलावतीतसुद्धा सोळा पणांचा एक द्रम्म आहे आणि एका पणात चार काकिणी, एका काकिणीत वीस कवड्या, म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या. तिथला द्रम्म आणि आपला दाम हे एकाच घरातले शब्द.

वहीत रक्कम दोन तऱ्हांनी दिसेल. एक, १२-५-६ अशी, म्हणजे १२ रुपये ५ आणे ६ पै. आजच्या पैशात करायची तर आणे-पैच्या पै करा, ५ गुणिले १२ म्हणजे ६० अधिक ६, झाल्या ६६ पै, भागिले १९२, साधारण ३४ पैसे. म्हणजे बारा रुपये चौतीस पैसे. दुसरी तऱ्हा दंडांची. आकड्यापुढं एक उभा दंड म्हणजे पाव, म्हणजे चार आणे, दोन दंड म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५। सव्वापाच, ५॥ साडेपाच, ५॥। पावणेसहा. या उभ्या दंडांनंतर लहान तिरक्या किंवा आडव्या रेघा आल्या तर एकेक रेघ एकेक आणा. ५॥ आणि पुढं एक रेघ, म्हणजे पाच रुपये नऊ आणे. मधे ठिपका वगैरे शोधत बसू नका, दशांश नाहीये तो.

या काळात खुर्द्यातल्या चांदीच्या तुकड्यांना पण नावं होती. चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. पावली आणि पावकी यांत गोंधळ नको, पावकी हा पावपटींचा पाढा, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तसली. दिडकी तर पाढाही आहे आणि नाणंही, संदर्भ बघूनच ठरवायचं. १९४३ पासून काही वर्षं पैशाला मधोमध भोक होतं, तो भोकाचा पैसा.

गोव्यातले जुने कागद असतील तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथं पोर्तुगीज अमलात १६ तांग्यांचा एक रुपिया आणि एका तांग्याला ६० रेइस, आणि १९५८ मध्ये त्याही जागी एस्कुदो आला, एका रुपियाला ६ एस्कुदो.

दशमान आलं १ एप्रिल १९५७ ला. रुपयाचे शंभर नये पैसे, आणि आण्याचे सव्वासहा, आता सव्वासहा पैसे कोण कोणाला देणार, म्हणून एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ अशी कापाकापी करावी लागली, चार आण्यांना मात्र बरोबर २५. म्हणूनच असेल कदाचित, चाराणे आणि आठाणे हे शब्द तेवढे तगले, बाकी एक आणा, तीन आणे कुणाच्या तोंडी राहिले नाहीत. १९६४ च्या जूनपासून "नये" गेलं, नुसते पैसे राहिले. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद.

खुर्दा उडवणे

पैसे सोडून खुर्द्याचा दुसरा वापर, आणि लेखनात तोच जास्त भेटतो. खुर्दा करणे, खुर्दा उडवणे, खुर्दा उडणे. म्हणजे तुकडे तुकडे करणे, धुव्वा उडवणे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा खुर्दा उडवला. इथंही तोच नियम, अख्खं काहीतरी हवं जे मोडलं. फौजेचा खुर्दा उडतो, पक्षाचा उडतो, एखाद्याच्या युक्तिवादाचा पण उडतो. एकट्या पोराला चापट मारली तर त्याचा खुर्दा उडत नाही. "स्वप्नांचा खुर्दा झाला" असं कवितेत लिहिता येईल, पण उडवला म्हटलं की कुणीतरी समोरून चाल करून आलेला लागतो. करणे मोडण्याचं, उडवणे लढाईचं, एवढा फरक मी तरी पाळते.

वरच्या वाक्यात खर्डा आणि खुर्दा दोन्ही आले म्हणून सांगते, टाइप करताना हे फार एकमेकांत जातात. खर्डा हे जामखेड तालुक्यातलं गाव, खर्डा म्हणजे मिरचीचा ठेचा, आणि कच्चा मसुदा तोही खर्डा. इंटरनेटवर खुर्दा शोधलात तर आधी ओडिशातला खुर्दा जिल्हा आणि खुर्दा रोड स्टेशनच्या गाड्या येतील, त्यात अडकू नका, शोधताना सोबत "नाणे" किंवा "मोड" टाका.

रोजच्या बोलण्यात वापरायचा तर कसा? माझं मत असं की उगाच जुनं सोनं म्हणून सगळीकडं घुसडू नये. दुकानात पोराला "भाऊ, खुर्दा आहे का?" विचारलं तर तो आधी बघत राहील. तिथं सुट्टेच बरे. पण घरात, गप्पांत, लिहिताना अशा जागा येतात जिथं चिल्लर पुरत नाही. लग्नात आहेर मोजताना, "पाकिटातल्या नोटा बाजूला ठेव, खुर्दा त्या डब्यात टाक". देवळात दानपेटी उघडली की नोटांच्या गड्ड्या एकीकडं आणि खुर्द्याचा ढीग दुसरीकडं. महिनाअखेरीला "पगाराचा खुर्दा झाला" हे तर मला चपखल वाटतं, कारण बंदा पगार आला, भाडं, हप्ता, फी, वाणी असा मोडत गेला, आणि कुठं गेला ते दिसेना. यात चिल्लर घालून बघा, "पगाराची चिल्लर झाली", लगेच अर्थ बदलतो, पगाराची किंमतच कमी केल्यासारखं वाटतं. चिल्लर हा हलक्या गोष्टीचा शब्द झालाय, "चिल्लर माणूस", "चिल्लर विषय". खुर्दा हलका नाही. त्यात पूर्ण किंमत असते, फक्त विखुरलेली.

आणि खराखुरा खुर्दा घेऊन कुठं जायचं असेल तर त्याचाही एक नियम माहीत असू द्या. २०११ च्या नाण्यांच्या कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात १००० रुपयांपर्यंत कायदेशीर चलन धरली जातात, आणि ५० पैशांची १० रुपयांपर्यंत. म्हणजे तुम्ही दोनशे रुपयांचं बिल एक-दोनच्या नाण्यांत दिलंत तर दुकानदारानं घ्यायला हवं, पण पाच हजारांची मिक्सर-ग्राइंडरची किंमत पिशवी भरून खुर्द्यात दिली तर हजाराच्या वरच्या नाण्यांना तो नाही म्हणू शकतो. आठाणे अजून कायद्यानं चालतात, बाजारात कुणी घेत नाही हा भाग वेगळा. खुर्द्याच्या नोटा हव्या असतील तर नाणी आधी किमतीप्रमाणे वेगळी करून, मोजून, पिशवीवर रक्कम लिहून बँकेत न्या, काउंटरवरचं काम लवकर होतं. एखादा मधला माणूस शंभराच्या चिल्लरीला नव्वद देतो म्हणाला तर त्याला देऊ नका, तो तुमच्याकडून बट्टाच घेतोय.